खाते कुणाचे?

बँकेच्या काउंटरवर एक दृश्य वारंवार दिसते. स्लिप बाईच्या नावाची, अंगठा बाईचा. नोटा मोजून घेणारा हात मात्र दुसऱ्याचा. खाते तिचे खरे, पण पैसा तिचा आहे काय?

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडची हकीकत या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर प्लास्टिक टाकण्यासाठी रोज थोडे पैसे साठवावयाचे होते. रक्कम लहान म्हणून बँकेने खाते उघडले नाही. तेव्हा श्रीमती चेतना गाला सिन्हा व गावातील बायकांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक बायका निरक्षर, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईस गेल्या. कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय काढतो, साहेबांनीही काढून दाखवावे, असे त्यांनी आव्हान दिले! १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे गुप्त क्रमांकाच्या कार्डाला याच बायकांनी हरकत घेतली. क्रमांक घरातले कोणीही काढून घेईल, अंगठा कोण चोरणार? 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे बचत गट सर्वांच्या परिचयाचे आहेत. नाबार्डने १९९२ साली ते बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. दहा ते वीस बायकांची मासिक बचत, आपसात कर्ज, मग बँकेचे विनातारण कर्ज. आपसातील कर्जाचे व्याज गटातच राहते, आणि पेरणीच्या दिवसांत डोरले गहाण टाकण्याची पाळी टळते.

परंतु नुसत्या कर्जाने दारिद्र्य हटत नाही. सहा देशांतील पाहण्यांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तेही हेच सांगतात. एका कंपनीचा हप्ता दुसरीचे कर्ज काढून भरणाऱ्या बाया आपण पाहतोच. उलट मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली व खाते वापरण्याचे शिक्षणही दिले, तेव्हा त्या अधिक प्रमाणात कामाला बाहेर पडल्या. म्हणजे खाते आणि त्याची समज, दोन्ही हवे.

स्त्रीला मालमत्तेचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले त्यात हे एक प्रमुख कारण होते. आज जनधनमुळे घरोघरी पासबुके आली आहेत. समाजातील विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी आईचे पासबुक तिच्यासमोर उघडून जमा, नावे, शिल्लक समजावून सांगावी. वारस कोण नोंदविला आहे ते पाहावे. खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडला आहे, तेही पाहावे. पुष्कळ घरी तो मुलाचा असतो, आणि पैसे जमा झाल्याचे आईला सर्वांत शेवटी कळते.