सोबत राहणारा शिक्षक

मागच्या खेपेला ‘शिक्षक कोणाला म्हणावं’ हा प्रश्न आपण अर्ध्यावर सोडला होता. आज तो एका उदाहरणातून पाहू.

मेलबर्न विद्यापीठाच्या परिसरात काही निवासी कॉलेजं आहेत. ट्रिनिटी १८७२ सालचं, ऑर्मंड १८८१ सालचं. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची व्याख्यानं आणि परीक्षा विद्यापीठात होतात. कॉलेजात ते राहतात, जेवतात आणि संध्याकाळी विषयवार छोट्या वर्गांना बसतात. हे वर्ग घेणारे काही ट्यूटर तिथेच, विद्यार्थ्यांच्या शेजारी राहतात. बहुधा स्वतःच संशोधन करणारे, वयानं थोडेच मोठे.

आपल्याकडे रेक्टर असतो. आम्हीही काही वर्षं एका वसतिगृहाचे रेक्टर होतो. रात्री हजेरीपटावरच्या सह्या बघायच्या, गेट बंद करायचं. पहिल्या वर्षाचा एक मुलगा रोज सही करी. तो तीन आठवडे वर्गात गेला नव्हता, मेसमध्येही क्वचितच दिसे, हे आम्हाला कधी कळलं? त्याचे वडील त्याला न्यायला आले तेव्हा. मुलगा परत आला नाही. हजेरी त्याची पूर्ण होती.

शेजारी राहणाऱ्या ट्यूटरला काय दिसतं, तर जेवणाच्या टेबलावरची रिकामी खुर्ची. मुलगा त्याच्याकडे निबंधाची शंका घेऊन येतो. पुष्कळदा शंका हे निमित्तच असतं. प्राध्यापकाकडे तो जात नाही, कारण प्राध्यापकाच्या हातात गुण असतात. अ‍ॅरिस्टॉटल मैत्रीविषयी लिहिताना एका म्हणीचा दाखला देतो, की सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. (आपल्याकडे मीठ खाल्लं की माणूस बांधला जातो, त्याच्याकडे तो कळतो. असो.)

पण खरी अडचण पुढे आहे. रात्री ड्यूटीवर असलेला ट्यूटर दंगा थांबवायलाही जातो. काल ज्यानं दटावलं, त्याच्याकडे आज मन कसं मोकळं करायचं? दुसरं असं, की मुलगा म्हणतो, ‘कोणाला सांगू नका.’ ऐकण्याआधी असा शब्द ट्यूटरनं देता कामा नये. जिवाला धोका आहे असं वाटलं, तर ते वर सांगावंच लागतं, आणि हे आधीच मुलाला स्पष्ट सांगणं हाच प्रामाणिकपणा. ट्यूटर काही समुपदेशक नव्हे. त्यानं वेळेवर ओळखावं आणि मुलाला समुपदेशकाच्या दारापर्यंत सोबत न्यावं, एवढंच. तेवढ्यानंही त्याचा स्वतःचा प्रबंध मागे पडतो, हे आपण विसरू नये.

आपल्याकडे खोल्या कमी पडतात, मान्य. तरी प्रत्येक मजल्यावर एक खोली एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला, राहण्या-जेवणाच्या बदल्यात, देऊन बघायला हरकत नाही. अट एकच: हजेरीपट त्याच्याकडे द्यायचा नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.