अस्वलाने विमान फाडलं, पायलटने चिकटपट्टी लावून घरी आणलं : बर्फातल्या ‘बुश प्लेन’ची गोष्ट

सोशल मीडियावर एक फोटो अधूनमधून फिरत असतो. एक छोटंसं विमान, आणि त्याच्या अंगावर सगळीकडे चिकटपट्ट्या. बघणाऱ्याला वाटतं फोटोशॉप आहे. पण तो प्रकार खरा आहे.

झालं असं की २००९ साली अलास्कात एका पायलटने आपलं पायपर विमान रानात उभं केलं. आत खाण्याचा वास राहिला होता. रात्री अस्वल आलं आणि त्याने विमानाचं कापड पार फाडून टाकलं. हो, कापडच. या विमानांचा सांगाडा लोखंडी नळ्यांचा असतो आणि त्यावर कापड ताणून बसवलेलं असतं. पायलटने काय करावं? त्याने टायर, प्लास्टिकचा कागद आणि डक्ट टेपची बरीच रिळं मागवली, विमान गुंडाळलं आणि उडवत घरी आणलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा जिवावर उदार व्हायची गरज काय होती? गाडी बोलवायची ना. तर मुद्दा तिथेच आहे. गाडी येणार कुठून?

अलास्का हे अमेरिकेचं राज्य आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं आहे, आणि तिथल्या बहुतेक गावांना रस्ताच जात नाही. राजधानी जुनोसुद्धा बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेली नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. कॅनडाच्या उत्तर भागातही हीच कथा. आपल्याकडे एसटी जे काम करते ते तिथे छोटी विमानं करतात. किराणा, टपाल, डॉक्टर, बाळंतीण, शाळेची पुस्तकं, सगळं त्यातूनच जातं. धावपट्टी नसलेल्या जागी, म्हणजे नदीच्या वाळूवर, तळ्यात, बर्फावर उतरणाऱ्या या विमानांना ‘बुश प्लेन’ म्हणतात. बुश म्हणजे रान.

याची सुरुवात झाली कुत्र्यांच्या नोकरीवर गदा येऊन. विमानाआधी टपाल कुत्र्यांच्या गाडीने जायचं. २१ फेब्रुवारी १९२४ ला कार्ल बेन आयलसन नावाच्या पायलटने फेअरबँक्सहून मॅकग्रा गावाला विमानाने टपाल नेलं. कुत्र्यांना या वाटेला अडीच-तीन आठवडे लागायचे, आयलसन तीन तासांच्या आत पोचला. पण पुढच्या काही फेऱ्यांत विमान इतक्या वेळा आपटलं की टपाल खात्याने करारच बंद करून टाकला आणि काम परत कुत्र्यांकडे गेलं.

एक साल घेतलं तरी या लोकांचं आयुष्य कळतं. ते साल १९२९.

जानेवारीत कॅनडातल्या फोर्ट व्हर्मिलियनच्या भागात घटसर्पाची साथ होती. औषध होतं दूर दक्षिणेला एडमंटनमध्ये. विल्फ्रेड मे, ज्याला सगळे ‘वॉप’ मे म्हणायचे, आणि त्याचा जोडीदार व्हिक हॉर्नर हे दोघे ॲव्हरो एव्हियन नावाच्या चिमुकल्या विमानातून निघाले. कॉकपिट उघडं, थंडी उणे ३० अंशांच्या आसपास. औषध गोठू नये म्हणून त्याला ऊब द्यायची सोय केली होती. स्वतःसाठी मात्र फक्त कपडे. दुसऱ्या दिवशी औषध पोचलं. परत आल्यावर एडमंटनमध्ये त्यांना बघायला हजारो लोक जमले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँकरेजचा रस मेरिल सामान घेऊन निघाला आणि परत आलाच नाही. डोंगरातून जाणारी एक खिंड त्याने शोधली होती, तिला आज मेरिल पास म्हणतात. आणि नोव्हेंबरमध्ये आपला आयलसन. सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ बर्फात ‘नानुक’ नावाचं जहाज अडकलं होतं. त्यावरची माणसं आणि माल काढायला तो मेकॅनिक अर्ल बोरलँडसोबत गेला. वादळात विमान कोसळलं, दोघेही गेले. जो क्रॉसन आणि हॅरल्ड गिलम या दोन पायलटांना जानेवारी १९३० मध्ये त्यांच्या विमानाचे अवशेष सापडले. शोधायला गेलेले तेही याच धंद्यातले. दुसरं कोण जाणार?

थंडीत नुसतं विमान चालू करणं हेच एक काम असायचं. रात्री उतरलं की इंजिनातलं तेल डब्यात काढून घ्यायचं, नाहीतर सकाळी त्याचा डांबर झालेला असायचा. सकाळी तेल शेगडीवर गरम करायचं, इंजिनावर ताडपत्री टाकून खाली आग पेटवायची, आणि विमान पेटणार नाही याकडे डोळ्यात तेल घालून बघत बसायचं. मग उड्डाण.

चिखलातून उडायचं, हिमनदीवर उतरायचं

माझा या सगळ्यांतला आवडता भिडू म्हणजे बॉब रीव्ह. १९३० च्या दशकात तो व्हाल्डीझ गावातून सोन्याच्या खाणींना सामान पुरवायचा. खाणी वर डोंगरात, तिथे बारा महिने बर्फ. म्हणजे उतरायला चाकांऐवजी स्की पाहिजेत. पण उन्हाळ्यात खाली व्हाल्डीझमध्ये बर्फच नाही, मग स्कीवरून उडणार कसं?

पठ्ठ्याने समुद्राची ओहोटी लागल्यावर उघडा पडणारा चिखल गाठला. ओला चिखल निसरडा असतो, त्यावरून स्की सरकतात. त्यामुळे याचं वेळापत्रक भरती-ओहोटीवर. आपल्या शेडवर त्याने पाटी लावली होती आणि त्यात स्वतःच्याच सेवेला संथ, बेभरवशाची आणि लबाड म्हटलं होतं.

१९३७ मध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न आणि बॉब बेट्स या दोन गिर्यारोहकांना त्याने माउंट ल्युकेनियाजवळ वॉल्श हिमनदीवर उतरवलं. नेमकी हवा गरम झाली होती, बर्फाचा लगदा झाला आणि विमान त्यात रुतलं. रीव्ह कित्येक दिवस तिथे अडकला. शेवटी नको ते सगळं सामान काढून टाकलं, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला आणि कसाबसा उडाला. परत यायचा प्रश्नच नव्हता. मागे राहिलेल्या दोघांनी काय केलं? आधी १७ हजार फुटांवरचं ते शिखर पहिल्यांदा सर केलं आणि मग शंभर मैलांहून जास्त चालत माणसांत आले.

हिमनदीवर उतरायचा नियम असा, की चढाकडे तोंड करून उतरायचं आणि उताराकडे तोंड करून उडायचं. चढ विमानाला थांबवतो, उतार वेग देतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलेल्या आपल्या ट्रेकर मंडळींना हे ओळखीचं वाटेल. लुक्लाची धावपट्टी अशीच तिरकी आहे, आणि तिथे उतरणारं ट्विन ऑटर विमान याच खानदानातलं आहे.

पायलटांना विचारून बनवलेलं विमान

या खानदानाचा कर्ता म्हणजे ‘बीव्हर’. दुसरं महायुद्ध संपलं, लष्करी ऑर्डरी आटल्या, तेव्हा डी हॅविलँड कॅनडा कंपनीने एक शहाणपणाची गोष्ट केली. रानात उडणाऱ्या पायलटांनाच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? विचारणाराही साधा नव्हता, पंच डिकिन्स हा स्वतः नावाजलेला बुश पायलट होता.

उत्तरं एकदम व्यवहारी आली. दार इतकं रुंद करा की इंधनाचं पिंप आडवं लोळवत आत घेता आलं पाहिजे. इंजिनात तेल टाकायचं तोंड कॉकपिटच्या आत द्या, म्हणजे थंडीत बाहेर लटकावं लागणार नाही. त्यामुळे बीव्हरमध्ये उडता उडतासुद्धा तेल ओतता येतं. इंजिन ४५० अश्वशक्तीचं. १६ ऑगस्ट १९४७ ला ते पहिल्यांदा उडालं आणि १९६७ पर्यंत १,६०० हून जास्त बीव्हर बनली. अमेरिकेच्या लष्कराने शेकड्यांनी घेतली, एडमंड हिलरी अंटार्क्टिकाला घेऊन गेला. त्याचाच मोठा भाऊ ‘ऑटर’ आपल्या हवाई दलानेही वापरला. हॅरिसन फोर्ड, म्हणजे आपला इंडियाना जोन्स, त्याच्याकडेही स्वतःचं बीव्हर आहे.

जुगाड, पण शास्त्रशुद्ध

कुठलंही बुश प्लेन कंपनीतून आलं तसं राहत नाही. १९४९ साली आलेलं पायपर सुपर कब घ्या. ते ताशी साधारण ७० किलोमीटरपर्यंत हवेत टिकतं, त्याहून हळू झालं की पंख हवा ‘सोडतात’ आणि विमान खाली येतं. सगळी धडपड हा आकडा आणखी खाली आणायची. पंखाच्या पुढच्या कडेला पट्ट्या लावतात, वर छोटी छोटी पाती चिकटवतात, म्हणजे कमी वेगातही हवा पंखाला धरून राहते. समोरून ३० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीच्या हिशोबाने विमान स्कूटीच्या वेगाने उतरतं. व्हाल्डीझला दरवर्षी याची स्पर्धा होते. काही विमानं २० फुटांच्या आसपास थांबतात. रिल्समध्ये पाहिली असतील.

चाकांना ढोल्या, कमी हवेच्या टायरी लावतात. दगडगोट्यांवर त्या दबतात, उसळत नाहीत. हिवाळ्यात स्की, उन्हाळ्यात तरंगायला फ्लोट. फ्लोटच्या दांड्यांना लाकडी फळ्या आणि होड्यासुद्धा बांधून नेतात.

याच फ्लोटवर टॉकीटनाच्या डॉन शेल्डनने १९५५ मध्ये कमाल केली. सुसिटना नदीच्या डेव्हिल्स कॅन्यनमध्ये सैनिकांची बोट फुटली, ती माणसं खडकाला धरून बसली होती. शेल्डन वरच्या बाजूला खळाळत्या पाण्यात उतरला, नाक प्रवाहाच्या विरुद्ध ठेवून इंजिनाने वेग आवरत विमान उलटं, मागे मागे वाहू दिलं, खडकापाशी माणूस घेतला आणि तसाच पुढे वाहत गेला. एकदा नाही, अनेक फेऱ्या मारून सगळ्यांना काढलं.

पण हे सगळं भारी वाटत असलं तरी दुसरी बाजू आहे. ही विमानं आता म्हातारी झालीत. ४ सप्टेंबर २०२२ ला वॉशिंग्टन राज्यातल्या म्युटिनी बेमध्ये एक ऑटर समुद्रात कोसळलं, दहाही जण गेले. तपासात दिसलं की शेपटीकडचा एक भाग निखळला होता. तो जागेवर धरून ठेवणारी छोटी रिंग आपल्या जागी नव्हती. मग तपास यंत्रणेने अशा सगळ्या ऑटरची ती रिंग तपासायला सांगितली.

मग नवीन विमानं का घेत नाहीत? कारण पाण्यावर, बर्फावर, पिंप घेऊन उतरेल असं या किमतीत दुसरं फारसं काही नाही. म्हणून जुनीच खोलून, गंज काढून, नवे भाग टाकून पुन्हा उभी करतात. सिॲटलजवळची केनमोर एअर यासाठी प्रसिद्ध आहे. व्हँकूव्हरच्या हार्बर एअरने तर १० डिसेंबर २०१९ ला साठी ओलांडलेल्या बीव्हरचं इंजिन काढलं, तिथे विजेची मोटर बसवली आणि ते नदीवरून उडवून दाखवलं. पेट्रोलचं पिंप आत लोळवता यावं म्हणून जे दार रुंद केलं होतं, ते दार मात्र तसंच आहे.