मिनी स्ट्रोकनंतर रक्त काय सांगते?

समजा, हिंगणा एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला एक कामगार. चहा पिताना उजव्या हातातला कप निसटतो, जीभ अडखळते, तोंड वाकडे होते. दहा मिनिटांत सारे पूर्ववत! ‘रात्रीची झोप झाली नसेल’ म्हणत तो डबा घेऊन कामावर जातो. खरा धोका मात्र इथूनच सुरू होतो.

हा मिनी स्ट्रोक, म्हणजेच ‘टीआयए’. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि थोड्या वेळात विरघळते, म्हणून लक्षणे जातात. गुठळी तयार होण्याचे कारण मात्र शरीरात तसेच राहते. कॅलिफोर्नियातील रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात ९० दिवसांत साधारण दहापैकी एकाला लकवा झाला. त्यातील निम्म्यांना तर पहिल्या दोनच दिवसांत.

हा एक कोण, हे रक्ताच्या थेंबावरून ओळखता येईल का? संशोधक नेमके हेच शोधत आहेत. मानेच्या रक्तवाहिनीतील चरबीचा थर सुजला की तो फुटून गुठळी होते. ही सूज रक्तातील ‘सीआरपी’ आणि ‘इंटरल्युकिन-६’ यांत दिसू शकते. हृदयावर ताण आला की ‘एनटी-प्रोबीएनपी’ वाढते. त्यावरून हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा संशय घेता येतो. असे ठोकेही गुठळीचे मोठे कारण आहेत.

अडचण अशी की, सीआरपी साध्या तापाने किंवा दाताच्या संसर्गानेही वाढते. हजार रुग्णांच्या गटात उपयोगी ठरणारा आकडा समोरच्या एका रुग्णाबाबत चुकू शकतो. त्यामुळे या तपासण्यांवर विसंबून कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवता येत नाही. आज निर्णय होतो तो वय, रक्तदाब, मधुमेह, लक्षणांचे स्वरूप आणि कालावधी, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि ईसीजी यांवरून. रक्तातील साखर व कोलेस्टेरॉलही तपासले जाते.

उपचार साधे आहेत, पण वेळेवर हवेत. ऑक्सफर्डच्या २००७ मधील अभ्यासात तातडीने उपचार सुरू केल्यावर पुन्हा लकवा होण्याचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटला. रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टर गुठळीरोधक गोळ्या देतात. त्या घरी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

हिंगण्यातल्या माणसाला यासाठी फार लांब जावे लागत नाही. डिगडोहला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नागपुरात मेडिकल आहे आणि १०८ची रुग्णवाहिका आहे. उद्या रक्ताची अचूक चाचणी येईलही. पण तीही रुग्ण दवाखान्यात पोहोचला तरच कामाची. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लक्षणे गेली तरी त्याच दिवशी, त्याच तासाला निघा. पाळी बुडाली तर एका दिवसाची मजुरी जाते. लकव्याने आयुष्यभराची जाऊ शकते.