मुलांस युद्धाचा धर्म शिकवावा काय?

संस्कृतचे शिक्षक म्हणून आमचें आयुष्य गेलें. महाभारतांतील सौप्तिक पर्वाची कथा आम्ही वर्गांत रंगवून सांगत असूं. निजलेल्या शिबिरावर अश्वत्थाम्यानें घातलेला घाला ऐकतांना मुलें श्वास रोखून बसत. एकदां नववींतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, द्रोणाचार्यांना फसवून मारलें, दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली, मग एकट्या अश्वत्थाम्यानेंच नियम कां पाळावे?” तास संपत आला होता. “हें परीक्षेंत विचारीत नाहींत,” असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्या उत्तराची लाज आम्हांस आजहि वाटते.

कारण प्रश्न मार्मिक होता. आजचीं मुलें जळणारीं शहरें हातांतल्या पडद्यावर रोज पाहतात. इतिहासाचा तास मात्र लढायांच्या सनावळीवरच संपतो. युद्धासहि मर्यादा असते, हें त्यांस कोणी सांगावें?

ती मर्यादा कायद्यांत कशी आली, ही कथा मुलांस सांगण्याजोगी आहे. २४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींतील सोल्फेरिनो येथें फ्रान्स व सार्डिनिया यांचें सैन्य ऑस्ट्रियाच्या सैन्याशीं भिडलें. कामानिमित्त तिकडे गेलेल्या हेन्री ड्युनांट या जिनीव्हाच्या गृहस्थानें हजारों जखमी निराधार पडलेले पाहिले. जवळच्या गांवच्या स्त्रियांसह त्यानें आपला-परका न पाहतां त्यांची शुश्रूषा केली. १८६२ मध्यें त्यानें हा अनुभव ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. १८६३ त रेडक्रॉसची मूळ समिति स्थापन झाली आणि १८६४ त पहिला जिनीव्हा करार झाला. आज प्रमाण असलेले चार करार १९४९ चे आहेत. भूमीवरील जखमी, समुद्रावरील जखमी, युद्धकैदी आणि सामान्य नागरिक, अशा चौघांचें रक्षण त्यांत सांगितलें आहे. भारतानें त्यांसाठीं १९६० मध्यें स्वतंत्र कायदा केला.

हात जोडणारा, निजलेला, निःशस्त्र, यांस मारूं नये, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांतहि आहे. पण ‘आमच्याकडे हें होतेंच’ म्हणून समाधान मानणें बरें नव्हे. तो योद्ध्यानें पाळावयाचा धर्म होता. हे करार राष्ट्रांस बांधतात आणि ते घोर रीतीनें मोडणाऱ्यास न्यायासनापुढें उभें करतां येतें.

हें शिकवावें कसें? व्याख्यानानें नव्हे, तर पेच समोर ठेवून. १६ मार्च १९६८ रोजीं व्हिएतनाममधील माय लाय येथें अमेरिकन सैनिक निःशस्त्र गांवकऱ्यांची कत्तल करीत होते. ह्यू थॉम्प्सन या अमेरिकन वैमानिकानें आपलें हेलिकॉप्टर स्वपक्षाचे सैनिक आणि गांवकरी यांच्या मध्यें उतरविलें व कांहीं जीव वाचविले. त्याच्या सैन्यानें त्याचा गौरव केला तो १९९८ मध्यें! वर्गास एवढेंच विचारावें, “तुम्ही तेथें असतां तर काय केलें असतें?” मग गुरुजींनीं गप्प राहून ऐकावें. मुलें भांडतील, गोंधळतील. पण विचार करूं लागतील.

आतां त्या विद्यार्थ्याचें देणें फेडूं. बाळ, समोरच्यानें नियम मोडला म्हणून आपला सुटत नाहीं. जखमी, कैदी व शत्रूच्या हातीं सांपडलेले नागरिक यांच्यावर सूड उगवण्यास १९४९ च्या करारांनीं स्पष्ट मनाई केली आहे. कारण साधें आहे. त्या रात्रीं द्रौपदीचे पुत्रहि मारले गेले. द्रोणांपाशीं खोटें बोलले ते कांहीं ते नव्हेत. आणि सूड तेथेंहि थांबला नाहीं. तो उत्तरेच्या गर्भापर्यंत पोंचला. ज्याचा जन्महि झाला नव्हता, त्यानें कोणता नियम मोडला होता?

एवढें सांगावयास तासांतलीं पांच मिनिटें पुरलीं असतीं. आज जे शिक्षक आहेत, त्यांनीं तीं राखून ठेवावीं.