मांडव्याच्या उजेडात कॅमेरा

गेटवेहून आलेली कॅटामरान मांडवा जेट्टीला लागते, तेव्हा पांढरी बोट, काळसर ओली वाळू आणि चकाकणारं पाणी एकाच चौकटीत येतं. कॅमेऱ्यासाठी याहून अवघड दृश्य क्वचितच मिळेल.

आत किती उजेड जाईल हे दोन गोष्टी ठरवतात: भिंगातलं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती मोठं आणि शटर किती वेळ उघडं. मिळालेला संकेत किती वाढवायचा, ते आयएसओ सांगतो. तो फार चढवला की चित्रात दाणे दिसू लागतात.

लख्ख उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि १/१०० सेकंद ही जुनी, भरवशाची सुरुवात. धावती बोट स्थिर टिपायची तर शटर १/८०० करा. उजेड आठपट घटला, म्हणून छिद्र तीन पायऱ्या (दर पायरीला उजेड दुप्पट) उघडून एफ/५.६ वर न्या. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं, इथेच नवखे गोंधळतात.

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर मात्र समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतं. चौकट बोटीने भरली तर तिचा पांढरा रंग मळकट येतो, वाळूने भरली तर वाळू फिकटते. बोटीसाठी एक्स्पोजर एक पायरी वाढवा, वाळूसाठी तेवढंच कमी करा. ऑटो मोडवर विसंबण्यापेक्षा हे शिकणं मला फार मोलाचं वाटतं. फक्त वाढवताना हिस्टोग्रामची, म्हणजे उजेडाच्या आलेखाची, उजवी कडा पाहा. डिजिटल फोटोत पूर्ण जळालेल्या पांढऱ्या भागातला तपशील परत मिळत नाही.