खिडकीच्या ग्रिलमध्ये लसूण: गड्डा येतो की नुसती पात?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसंय की' काढून टाकलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न लसणीचा. २०२४ मध्ये किरकोळ बाजारात लसूण चारशे रुपये किलोवर गेली, तेव्हापासून रील्सचा पूर आलाय. काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर एक पाकळी, आणि 'आता लसूण विकत घेऊ नका!' आम्ही बोनकोड्यात राहतो. इथून वाशीचं कांदा-बटाटा मार्केट हाकेच्या अंतरावर, तरीही भाव ऐकून पोटात गोळा येतो. मग घरीच का नको?

आधी हिशोब करू. बारा इंची कुंडीत सात-आठ पाकळ्या नीट बसतात. एका पाकळीपासून एक गड्डा, आणि कुंडीतला गड्डा दहा-पंधरा ग्रॅमचा झाला तरी खूप. म्हणजे चार महिन्यांनी साधारण शंभर ग्रॅम लसूण. चारशेच्या भावानेही ते झाले चाळीस रुपये. कोकोपीटची पिशवी त्याहून महाग पडते! तेव्हा पैसे वाचवायला कुंडीत लसूण लावत असाल, तर राहू द्या. पण हिरवी पात हवी असेल, किंवा हे नक्की चालतं कसं ते बघायची खाज असेल, तर पुढे वाचा.

ग्लासातल्या लसणीचं रहस्य साधं आहे. पाकळीत अन्न साठवलेलं असतं, त्याच्या जोरावर ती कोंब काढते. पाण्यातून तिला नवीन काहीच मिळत नाही. साठा संपला की पात पिवळी, मुळं कुजकी, आणि घरभर वास. गड्डा येणं शक्यच नाही.

गड्डा कधी धरायचा हे लसूण कशावरून ठरवते, हा यातला सगळ्यात भारी भाग. तिच्या दोन अटी आहेत: आधी थंडी, मग लांबत जाणारा दिवस. दोन्ही पूर्ण झाल्या तरच आत पाकळ्या पडतात. थंडी कमी पडली तर खाली एकच गोल कांदी तयार होते, एककळी लसणीसारखी. खायला उत्तम, पण पाकळ्या नाहीत.

आता आपली नवी मुंबई. डिसेंबरात आपला दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. श्रीनगरला जूनमधला दिवस सव्वाचौदा तासांच्या वर जातो. हिमाचल-काश्मीरकडच्या मोठमोठ्या पाकळ्यांच्या लसणीला तिकडच्या लांब दिवसांची सवय आहे. सोलायला सोपी म्हणून आपण तीच आणतो आणि तीच लावतो. इथे ती वाट बघत बसते. दिवस थोडा लांब होतो तोवर मे महिना येतो, आणि मग पाऊस. पात मस्त, गड्डा शून्य. तिच्यात खोट काही नाही, तिचं कॉन्फिगरेशन वेगळ्या अक्षांशासाठी आहे एवढंच.

मैदानी जाती मात्र आपल्या छोट्या दिवसांतही गड्डा धरतात. पाकळ्या बारीक असतात आणि एका गड्ड्यात वीस-पंचवीस निघतात, सोलताना जीव जातो, पण लावायला याच. पुणे जिल्ह्यात भीमेकाठी राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल या जाती. नाशिकच्या राष्ट्रीय बागवानी संस्थेच्या यमुना सफेद आणि अॅग्रीफाउंड व्हाइट. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गोदावरी आणि श्वेता. बियाणं मिळालं नाही तर बाजारातली बारीक पाकळीची देशी लसूण घ्या आणि गड्ड्यातल्या बाहेरच्या, टपोऱ्या पाकळ्या निवडा. आतल्या काड्या फोडणीत टाका. लसणीला खरं बी जवळजवळ येतच नाही, प्रत्येक रोप म्हणजे आधीच्या गड्ड्याची कॉपी-पेस्ट. त्यामुळे आधीच्या गड्ड्यातले विषाणूही कॉपी होतात. डागाळलेली, मऊ पडलेली पाकळी फुकट मिळाली तरी लावू नका.

थंडीची अट उरली. आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटे पंखा एकवर. त्यावर उपाय फ्रिज. अख्खे गड्डे, न सोललेले, कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे ठेवायचे. फ्रीझरमध्ये नाही! शून्य ते दहा अंशांत महिनाभर ठेवलेल्या पाकळ्या लवकर गड्डा धरतात, हे शेतीच्या पुस्तकांतही दिलेलं असतं. सप्टेंबरच्या शेवटी फ्रिजमध्ये टाकले तर ऑक्टोबर हीट ओसरताना, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावता येतात. गड्डा फोडायचा तो लावायच्या दिवशीच, आणि साल काढायची नाही.

जागेचं बोलू. लसणीला रोज सहा तास तरी ऊन लागतं. बोनकोडे गावठाणात इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर दुपारीही ट्यूबलाइट लागते. तिथे गड्ड्याचा नाद सोडा. पण तुमची खिडकी दक्षिणेला उघडत असेल आणि समोर मोकळं असेल, तर तुम्ही नशीबवान. डिसेंबरात सूर्य दुपारी बाराच्या सुमारासही दक्षिणेकडे झुकलेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर. म्हणजे लसणीच्या अख्ख्या हंगामात ऊन थेट ग्रिलमध्ये येतं. उत्तरेच्या खिडकीला त्याच महिन्यांत काहीच मिळत नाही. फोनमधला कंपास उघडा आणि बघा, दोन सेकंदांचं काम आहे.

ग्रिलबद्दल एक सांगतो, आणि इथे मला मस्करी नको आहे. पाणी घातलेली बारा इंची कुंडी सहज दहा-बारा किलोची होते. खाली गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात. कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला, तारेने बांधून ठेवा. कठड्यावर किंवा ग्रिलच्या बाहेर लटकवून अजिबात नाही. ग्रिल गंजलेली असेल तर गच्ची बघा, सोसायटीच्या चेअरमनशी भांडण झालं तरी ते परवडतं.

लावणं सोपं आहे. कुंडी आठ इंच तरी खोल हवी, खाली भोकं हवीत. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात. पाकळीचं टोक वर, बूड खाली, दोन बोटं खोल, दोन पाकळ्यांत चार इंच अंतर. वरचं बोटभर सुकलं की पाणी. पहिला दीड महिना पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत द्या, नंतर थांबवा. दोन महिन्यांनंतरही नत्र देत राहिलात तर झाड पातच काढत बसतं. पातीवर चंदेरी चट्टे दिसले तर ते फुलकिडे: लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा.

कोपरखैरण्याच्या रो-हाऊसवाल्यांकडे दारापुढे हातभर माती असते, त्यांची चैन आहे. फक्त ती माती बहुतेक वेळा भरावाची असते, वीतभर खणलं की विटांचे तुकडे. तिथे सहा इंच उंच गादीवाफा करा. ओळींत सहा इंच, पाकळ्यांत चार इंच धरलं तर एका चौरस मीटरला साठ-पासष्ट रोपं बसतात. नीट जमलं तर किलोभर लसूण. कुंडीपेक्षा हे गणित जरा बरं आहे.

आणि पातीची कुंडी वेगळीच ठेवा. पात कापली की गड्ड्याचं अन्न गेलं, एकाच झाडाकडून दोन्ही मागायचं नाही. पातीला जात, थंडी, दिवसाची लांबी, कशाचीच अट नाही. कोंब आलेल्या, टाकून द्यायच्या पाकळ्या इंचभर अंतराने दाटीवाटीने खोचा, तीन-चार तास ऊनही चालतं. तीन आठवड्यांत पहिली कापणी, मुळाशी इंचभर ठेवून. पुढे अजून दोन-तीनदा येते, दर वेळी जरा बारीक. कोथिंबीर, मिरची आणि ही पात वाटून मासळीला लावा, बाकी मसाला कमी पडला तरी कळत नाही.

गड्ड्याच्या कुंडीकडे परत येऊ. मार्चच्या सुमारास, चार महिने झाले की पात पिवळी पडून माना टाकायला लागते. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद. मग ओढू नका, खुरप्याने उकरून काढा, कारण ओढलं की मान तुटते आणि तो गड्डा टिकत नाही. धुवायचाही नाही. पातीसकट जुड्या बांधून सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी दहा दिवस टांगा. आपल्याकडे जूनपासून हवेत इतका ओलावा असतो की गड्डे डब्यात कोंडले तर बुरशी धरतात. जाळीच्या पिशवीत, स्वयंपाकघरात उंचावर ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाचपून बघा. मऊ लागला तो आधी वापरायचा, कडक राहिलेले दोन-चार सप्टेंबरात परत फ्रिजमध्ये.