धायरीचा कातळ, विहिरीचे पाणी आणि एक जीवाणू

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातील सिंहगड रस्त्यालगतच्या धायरी, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. या आजाराची वैद्यकीय बाजू पुष्कळ चर्चिली गेली. तिच्याइतकेच महत्त्व पायाखालच्या खडकालाही द्यायला हवे.

धायरीखालचा कातळ म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेला लाव्हा थरांवर थर साचत थिजला आणि त्यातून हा खडक तयार झाला. त्याचा अखंड भाग इतका घट्ट असतो की त्यात पाणी जवळजवळ मुरतच नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे पडलेल्या चिरांत. विहिरीच्या भिंतीतील ज्या चिरेतून पाणी फुटते, तो तिचा झरा. नदीकाठच्या वाळूत पाणी कणाकणांमधून संथपणे झिरपते आणि वाटेत बरेचसे गाळले जाते. रुंद चिरेतून मात्र ते झपाट्याने वाहते व तशी गाळणी त्याला मिळत नाही. त्यामुळे जवळपास शोषखड्डा किंवा फुटलेली सांडपाण्याची वाहिनी असेल, तर विहिरीचे नितळ पाणीही निर्धोक मानता येत नाही.

साथीतील काही रुग्णांच्या विष्ठेच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला. नागमोडी आकाराचा हा एकपेशीय जीव कोंबड्यांच्या आतड्यात वस्ती करतो आणि सुमारे ४२ अंश सेल्सिअसला, म्हणजे पक्ष्यांच्या अंगच्या उष्णतेला, उत्तम वाढतो. माणसाला त्याची बाधा झाल्यास बहुधा जुलाबांवर निभावते. पण त्याच्या आवरणावरील काही शर्करायुक्त रेणू मज्जातंतूंवरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी मिळतेजुळते असल्याने, जीवाणूला ओळखून त्याच्याविरुद्ध लढणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, क्वचित स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. हाच जीबीएस. पायांना मुंग्या येतात, बळ जाते, आणि ही दुर्बलता श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचल्यास व्हेंटिलेटर लावावा लागतो.

विहिरीला दोष देणे सोपे आहे, परंतु २०१७मध्ये महापालिकेत आलेल्या धायरीसारख्या गावात वस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने शुद्ध पाण्याचे नळ व मैलावाहिन्या वाढल्या नाहीत, ही खरी उणीव आहे. ती भरून निघेपर्यंत विहीर, बोअर वा टँकरचे पाणी खळखळून उकळूनच प्यावे, कोंबडीचे मांस पूर्ण शिजवावे, आणि जुलाबानंतरच्या काही आठवड्यांत हातापायांतील शक्ती कमी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.